वाहनचालन व भ्रमणध्वनीविषयक कायदे

वाहन चालवीत असताना चालकाने भ्रमणध्वनी (मोबाइल) किंवा तत्सम हाती धरावयाचे संदेशवहनाचे साधन वापरू नये, यासाठी करण्यात आलेल्या वैधानिक तरतुदींचा येथे विचार केला आहे. या तरतुदी प्रायः मोटारवाहनविषयक कायद्यांत, त्यांखालील नियमांत आणि वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारांत आढळतात. चालकाचे अवधान मार्गावरून ढळू नये व त्यायोगे त्याच्या स्वतःच्या, सहप्रवाशांच्या आणि मार्गावरील इतर व्यक्तींच्या जीवितास धोका पोहोचू नये, हा त्यांचा प्रधान हेतू होय. भारतात या विषयाची मुख्य तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८४ मध्ये असून २०१९ च्या दुरुस्तीने तिला सध्याचे स्वरूप प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांदरम्यान झाले. प्रारंभी हे साधन महाग व मोजक्या नगरांपुरते मर्यादित होते. पुढील दोन दशकांत ते खेड्यापाड्यांत पोहोचले आणि दुचाकीस्वार, रिक्षाचालक, मालमोटारीचा चालक व ट्रॅक्टर हाकणारा शेतकरी अशा सर्वांच्या खिशात आले. त्याचबरोबर त्याचे स्वरूपही बदलले. केवळ बोलण्याचे साधन असलेला भ्रमणध्वनी संदेश वाचण्याचे व लिहिण्याचे, चित्रफिती पाहण्याचे, छायाचित्रे घेण्याचे, वाट शोधण्याचे आणि पैशांची देवघेव करण्याचे साधन झाला. १९८८ चा अधिनियम संमत झाला तेव्हा भारतात असे साधन अस्तित्वातच नसल्याने मूळ कायद्यात त्याचा उल्लेख नव्हता. साधनाचा प्रसार आधी आणि कायदा मागाहून, हा क्रम जगातील बहुतेक देशांत दिसून येतो.

अवधान व धोका : वाहन चालविणे ही सतत निरीक्षण, निर्णय व कृती यांची मागणी करणारी क्रिया आहे. भ्रमणध्वनीच्या वापराने चालकाचे लक्ष चार प्रकारे विचलित होते : दृष्टी मार्गावरून पडद्याकडे वळते (दृश्य विचलन), ध्वनीमुळे इतर आवाजांकडे दुर्लक्ष होते (श्राव्य विचलन), एक हात सुकाणूचक्रावरून किंवा दुचाकीच्या मुठीवरून निघतो (शारीरिक विचलन) आणि मन संभाषणाच्या विषयात गुंतते (बौद्धिक विचलन). यांपैकी पहिले तीन प्रकार बाहेरून दिसू शकतात किंवा निदान ओळखता येतात. चौथा मात्र पाहणाऱ्यास दिसत नाही, तसेच बहुधा चालकाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

या धोक्याचे पहिले भक्कम मोजमाप कॅनडातील टोरँटो येथे झाले. डॉनल्ड रेडेलमायर व रॉबर्ट टिब्शिरानी यांनी अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या दूरध्वनी नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. संभाषणाच्या काळात अपघाताची शक्यता एरवीच्या सुमारे चौपट असते, तसेच हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांमुळे ती कमी होत असल्याचा पुरावा मिळत नाही, असे त्यांना आढळले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रुग्णालयात दाखल झालेल्या ४५६ चालकांच्या पाहणीतूनही जवळजवळ हेच प्रमाण निघाले. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर व त्यांचे सहकारी यांनी सादृशक यंत्रावर केलेल्या प्रयोगांत संभाषणात गुंतलेल्या चालकाची नजर एखाद्या वस्तूवर पडूनही ती त्याच्या मनात नोंदली जात नाही, असे दिसले. यास ‘अनवधानजन्य अंधत्व’ म्हणता येईल. शेजारी बसलेल्या प्रवाशाशी बोलणे व दूरच्या व्यक्तीशी बोलणे यांतील फरकही या संशोधनातून पुढे आला. शेजारचा प्रवासी मार्ग पाहत असतो. वळण, गर्दी किंवा आडवे आलेले जनावर दिसताच तो आपसूक थांबतो, प्रसंगी चालकास सावधही करतो. दूरच्या व्यक्तीस यातले काहीच ठाऊक नसते.

संदेश वाचणे व लिहिणे हे बोलण्याहूनही घातक ठरते. त्याचे कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. ताशी ८० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मी. अंतर कापते. पाच सेकंद पडद्याकडे पाहणारा चालक त्या अवधीत ११० मी. हून अधिक अंतर मार्ग न पाहताच जातो. ताशी १२० किमी. वेगास हे अंतर सेकंदाला सुमारे ३३ मी. होते, म्हणजे तीन सेकंदांतच १०० मी. अंतर मागे पडते. समोरचा अडथळा दिसल्यानंतर पाय गतिरोधकाकडे जाईपर्यंतचा प्रतिसादकाल व त्यापुढील थांबण्याचे अंतर यांची भर वेगळीच.

परदेशांतील कायदे : जपानने १९९९ मध्ये व जर्मनीने २००१ मध्ये चालकाने भ्रमणध्वनी हाती धरण्यास मनाई केली. अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे सर्व चालकांसाठी एकच संघीय कायदा नाही. न्यूयॉर्क राज्याने नोव्हेंबर २००१ मध्ये प्रथम असा निर्बंध घातला व नंतर इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. आंतरराज्य व्यापारी वाहनांच्या चालकांना मात्र जानेवारी २०१२ पासून संघीय नियमानुसार तेथे भ्रमणध्वनी हाती धरता येत नाही.

ब्रिटनमधील मनाई १ डिसेंबर २००३ पासून अंमलात आली. तिची शब्दयोजना साधनाच्या ‘परस्पर संदेशवहनासाठी’ होणाऱ्या वापरापुरती मर्यादित होती. अपघातस्थळाचे चित्रीकरण करीत गाडी चालविणाऱ्या एका चालकाविरुद्धच्या खटल्यात, निव्वळ चित्रीकरण हे संदेशवहन नव्हे, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि कायद्यातील ही उणीव उघड झाली. मार्च २०२२ मध्ये व्याख्या व्यापक करण्यात आली. तेव्हापासून हाती धरलेल्या साधनावर खेळ खेळणे, छायाचित्र घेणे किंवा ध्वनिमुद्रिकांची यादी चाळणे हेही अपराध ठरतात. आणीबाणीच्या प्रसंगी साहाय्य मागण्यासाठी केलेला दूरध्वनी व वाहन उभे असताना पथकर इत्यादींचे शुल्क देण्यासाठी केलेला वापर हे त्यास अपवाद आहेत.

आंतरराष्ट्रीय पातळीवर रस्ते वाहतुकीविषयीचा १९६८ चा व्हिएन्ना करार महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्याच्या आठव्या अनुच्छेदात नवे कलम समाविष्ट झाले. त्यानुसार चालकाने वाहन चालविण्याव्यतिरिक्त इतर क्रिया शक्य तितक्या कमी कराव्यात आणि वाहन गतिमान असताना हाती धरलेल्या दूरध्वनीचा वापर देशी कायद्याने निषिद्ध करावा, असे बंधन आहे.

भारतीय कायदा : मूळ कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालविण्याविषयी होते. त्यात वाहनाचा वेग व चालविण्याची रीत जनतेस धोकादायक आहे काय, हे स्थळ, रहदारी व इतर परिस्थिती लक्षात घेऊन ठरविले जाई. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. चालक भ्रमणध्वनीवर बोलत होता एवढ्यावरून वाहन धोकादायक रीतीने चालविले जात होते असे सिद्ध होत नसे. त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २१ मध्ये वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरणे या कृतीचा समावेश जनतेस उपद्रवकारक वा धोकादायक कृतींच्या यादीत करण्यात आला. त्यामुळे अनुज्ञप्ती (लायसन्स) निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार अनुज्ञापन प्राधिकाऱ्यास मिळाला. तथापि नियमातील ही तरतूद म्हणजे स्वतंत्र अपराध नव्हता.

हा भेद न्यायालयांतही महत्त्वाचा ठरला. केरळ पोलीस अधिनियमातील सार्वजनिक सुरक्षिततेस धोका निर्माण करण्याविषयीचे कलम लावून भ्रमणध्वनीवर बोलणाऱ्या चालकांवर खटले भरले जात. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने असे ठरविले, की बोलत वाहन चालविण्याची कृती, तिच्यामुळे प्रत्यक्ष धोका निर्माण झाला नसल्यास, त्या कलमाखाली अपराध ठरू शकत नाही; विधिमंडळाने तशी स्पष्ट मनाई केली पाहिजे. दंडविषयक कायद्याचा अर्थ ओढूनताणून लावता येत नाही, या सर्वमान्य तत्त्वास हे धरूनच होते. त्यामुळे स्पष्ट तरतुदीची निकड अधिकच जाणवली.

दरम्यान रस्ते सुरक्षेविषयीच्या एका जनहित याचिकेच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले, की अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मालवाहनातून जादा भार वा माणसे नेणे, मद्यपान करून वाहन चालविणे आणि वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरणे या कृतींबद्दल चालकाची अनुज्ञप्ती किमान तीन महिने निलंबित करावी.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ याने कलम १८४ ला स्पष्टीकरण जोडले. हे कलम १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित स्वरूपात लागू झाले. लाल दिवा ओलांडणे, थांबण्याच्या चिन्हाचे उल्लंघन करणे, वाहन चालविताना हाती धरावयाची संदेशवहन साधने वापरणे, कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनास ओलांडून जाणे, रहदारीच्या विहित दिशेविरुद्ध वाहन चालविणे, तसेच सक्षम व काळजी घेणाऱ्या चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीहून फारच खालच्या दर्जाने वाहन चालविणे या कृती त्यात नमूद आहेत. पहिल्या अपराधास किमान सहा महिने व कमाल एक वर्ष कारावास, किंवा किमान एक हजार व कमाल पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदा राबविण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले आहे अशा अधिकाऱ्यांनीच अपराध केल्यास कलम २१० ब नुसार त्यांना दुप्पट शिक्षा आहे. गणवेशातील कर्मचारीही या निर्बंधातून सुटत नाहीत.

या शब्दयोजनेचे दोन परिणाम ध्यानात घेण्याजोगे आहेत. एक, ‘वापर’ हा शब्द व्यापक असल्याने बोलणे, वाचणे, लिहिणे, चित्रफीत पाहणे हे सर्व प्रकार त्यात येतात. ब्रिटनच्या मूळ कायद्यासारखी अडचण येथे उद्‌भवत नाही. दोन, ‘हाती धरावयाची’ या विशेषणामुळे कानातील बिनतारी साधनावरून किंवा गाडीत बसविलेल्या यंत्रणेतून केलेले संभाषण या खंडाच्या कक्षेबाहेर राहते. अशा संभाषणामुळे वाहन प्रत्यक्षात धोकादायक रीतीने चालविले गेले, तर कलमाचा मुख्य भाग लागू होऊ शकतो, पण धोका स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. वर उल्लेखिलेल्या संशोधनाचा कल पाहता कायदा व शास्त्र यांच्यात येथे अंतर पडते. दिसणारा हात हा पुराव्याचा विषय होऊ शकतो, गुंतलेले मन होऊ शकत नाही, हे या अंतराचे प्रमुख कारण होय.

वाट दाखविणाऱ्या नकाशांच्या वापरासाठी केंद्र शासनाने नियमांत सुधारणा केली. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या या सुधारणेनुसार, वाहन चालविताना हाती धरावयाचे साधन केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाच्या एकाग्रतेस बाधा येणार नाही अशा रीतीने वापरता येते. व्यवहारतः याचा अर्थ असा, की साधन चौकटीत घट्ट बसवावे, इच्छित स्थळ निघण्यापूर्वीच नोंदवावे आणि वाटेत बदल करावयाचा झाल्यास वाहन मार्गाच्या कडेला थांबवावे.

तडजोड व अनुज्ञप्तीवरील कारवाई : कलम २०० अन्वये काही अपराध न्यायालयात न जाता ठरावीक रक्कम भरून मिटविता येतात. धोकादायक वाहनचालनाच्या निरनिराळ्या प्रकारांपैकी फक्त हाती धरावयाच्या साधनाच्या वापरापुरतीच ही सवलत आहे. लाल दिवा ओलांडणे किंवा उलट दिशेने वाहन नेणे या कृती त्याच स्पष्टीकरणात असूनही त्यांना ती लागू नाही. अशा रीतीने विधिमंडळाने ही कृती एकीकडे धोकादायक वाहनचालनाच्या गंभीर कोटीत घातली व दुसरीकडे तिच्या निकालाची सोपी वाट मोकळी ठेवली. एवढे खटले न्यायालयांना पेलणार नाहीत, ही व्यावहारिक अडचण यामागे दिसते.

तथापि तडजोडीची रक्कम भरल्याने प्रकरण पूर्णपणे संपते, ही समजूत बरोबर नाही. मिटविलेला अपराधही पुढील अपराध दुसरा आहे की नाही हे ठरविताना पहिला म्हणून मोजला जातो. कलम २०६ अन्वये पोलीस अधिकारी चालकाची अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन अनुज्ञापन प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. प्राधिकारी चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन लेखी कारणांसह पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांची अनर्हता लादू शकतो. पुढील अपराधास अनुज्ञप्ती रद्द होऊ शकते. परत मिळण्यापूर्वी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मालमोटार, बस वा रिक्षा चालवून पोट भरणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा ही कारवाई कितीतरी जड असते.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी : २०१९ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वाढीव रकमांविषयी जनतेत नाराजी होती आणि राज्य शासनाने त्यांची अंमलबजावणी रोखून धरली. डिसेंबर २०२१ मध्ये तडजोडीच्या नव्या रकमांची अधिसूचना अंमलात आली. तीनुसार वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरल्याबद्दल दुचाकीस्वारास एक हजार, हलक्या चारचाकीच्या चालकास दोन हजार व अन्य वाहनाच्या चालकास चार हजार रुपये आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच अपराध केल्यास दहा हजार रुपये अशी आकारणी ठरली. वाहनाचा आकार व त्यापासून संभवणारी हानी यांचे प्रमाण या वर्गवारीत राखलेले दिसते.

अपराधाची नोंद दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात वाहतूक शाखेचा किंवा ठाण्याचा कर्मचारी वाहन थांबवून यंत्रावर चलान तयार करतो. दुसऱ्या प्रकारात मार्गावरील कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्राच्या आधारे वाहनाच्या नोंदणीकृत मालकास चलान पाठविले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १६७ अ मध्ये अशा इलेक्ट्रॉनिक देखरेखीची पद्धती सांगितली असून तिच्या कक्षेत येणाऱ्या अपराधांत हाती धरावयाच्या साधनाचा वापरही आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा कार्यरत झाली. कॅमेऱ्याच्या नोंदीत एक अडचण असते : चलान मालकाच्या नावे निघते, अपराध मात्र चालकाचा असतो. भाड्याने दिलेल्या किंवा नोकराकरवी चालविल्या जाणाऱ्या वाहनाच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो.

सार्वजनिक प्रवासी वाहतुकीत चालकाच्या एका क्षणाच्या दुर्लक्षाने अनेकांचे जीवित धोक्यात येते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या चालकांना बस चालविताना भ्रमणध्वनी व कर्णध्वनी साधने वापरण्यास मनाई करणारे परिपत्रक काढले. मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट मार्गावरील बसचा चालक बस चालविताना भ्रमणध्वनीवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे चित्रण एका प्रवाशाने परिवहनमंत्र्यांकडे पाठविले. ही बस महामंडळासाठी खासगी कंपनी चालवीत होती; चालकास बडतर्फ करण्यात आले व कंपनीस दंड ठोठावण्यात आला. प्रवाशांच्या जागरूकतेमुळे कारवाई होऊ शकते, हे यातून दिसून आले.

ग्रामीण मार्गांवरील स्थिती : नगरांत चौक, दिवे व वाहतूक पोलीस असतात, ग्रामीण भागात तसे नसते. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे याचे बोलके उदाहरण म्हणता येईल. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे हे गाव जऊळका (रेल्वे) या नावानेही ओळखले जाते. नागपूरहून कारंजा, शेलुबाजार, मालेगाव व मेहकर यांवरून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाणारा जुना हमरस्ता याच परिसरातून जातो व गावात पोलीस ठाणे आहे. ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग’ हा ७०१ किमी. लांबीचा द्रुतगती मार्ग ज्या दहा जिल्ह्यांतून जातो त्यांत वाशिम हा एक आहे. या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमी. चा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

एकाच जिल्ह्यातील या दोन मार्गांवर एकाच कायद्याचे प्रश्न वेगवेगळे होतात. द्रुतगती मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही; हलक्या वाहनांची वेगमर्यादा सपाट भागात ताशी १२० किमी. आहे. चौक नाहीत, वळणे थोडी आहेत, समोरून वाहन येत नाही. अशा एकसुरी प्रवासात चालकास गुंगी येते आणि ती घालविण्यासाठी तो भ्रमणध्वनीकडे वळतो. सरळ व रिकाम्या मार्गामुळे आपण सुरक्षित आहोत असे त्यास वाटते. परंतु पुढे जाणारी संथ मालमोटार किंवा कडेला नादुरुस्त होऊन थांबलेले वाहन यांच्याशी गाठ पडण्यास या वेगात काही सेकंदच पुरतात.

जुन्या हमरस्त्याची स्थिती याच्या उलट असते. तेथे मालमोटारी, खासगी प्रवासी बस, शेतमालाने भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, सायकली व पायी जाणारी माणसे एकाच पट्ट्यातून चालतात. सोयाबीनच्या हंगामात ही गर्दी वाढते; रात्री ट्रॅक्टरच्या मागील ट्रॉलीस बहुधा पुरेसे दिवे नसतात. गुरे, रोही व माकडे आडवी येतात. दुचाकीस्वार मान वाकडी करून खांदा व कान यांमध्ये भ्रमणध्वनी दाबून धरतो, किंवा शिरस्त्राणाच्या आत तो खोचून ठेवतो. हात मोकळे दिसत असले, तरी मान कललेली असल्याने एका बाजूची दृष्टी व वाहनाचा तोल दोन्ही बिघडतात. असे खोचलेले साधन ‘हाती धरलेले’ आहे काय, असा युक्तिवाद होऊ शकतो. तथापि विशेषण साधनाच्या प्रकारास उद्देशून आहे, ते धरण्याच्या पद्धतीस नव्हे, असा अर्थ लावणे कलमाच्या हेतूशी अधिक सुसंगत आहे.

ग्रामीण ठाण्याच्या कर्मचाऱ्यांवर गुन्ह्यांचा तपास, बंदोबस्त, यात्रा व बाजार यांचा भार असतो. वाहतूक नियंत्रण हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक. त्यामुळे तपासणी अधूनमधून होते आणि तिची जागा चालकांना माहीत होते. शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा ती होण्याची शक्यता अपराधास अधिक आळा घालते, हे दंडशास्त्रातील तत्त्व येथे विशेष लागू पडते. पकडले जाण्याची शक्यता नगण्य वाटत असेल, तर दहा हजार रुपयांचा दंडही चालकाच्या वर्तनात बदल घडवून आणीत नाही.

अपघातानंतरचे कायदेशीर परिणाम : अपघातात मनुष्यहानी झाल्यास प्रकरण मोटार वाहन अधिनियमापुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकारपणे वाहन चालविल्याबद्दल व कलम १०६ (१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल खटला भरता येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम ३०४ अ मध्ये दोन वर्षांपर्यंत असलेला कारावास नव्या कलमात पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आला आहे. चालक त्या क्षणी भ्रमणध्वनी वापरीत होता, हे सिद्ध झाल्यास निष्काळजीपणाच्या पुराव्यास बळकटी येते. त्यासाठी संभाषणाच्या वेळेची कंपनीकडील नोंद व अपघाताची वेळ यांचा मेळ घालावा लागतो. अपघाताची वेळ मिनिटापर्यंत नेमकी नोंदविली गेली नसेल, तर हा पुरावा दुबळा पडतो.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. चालक भ्रमणध्वनीवर बोलत होता एवढ्या कारणाने विमा कंपनीस त्रयस्थ पक्षाची भरपाई नाकारता येत नाही, कारण कंपनीस उपलब्ध असलेले बचाव अधिनियमात मोजून दिलेले आहेत व त्यांत या कारणाचा समावेश नाही. मात्र अपघातग्रस्त व्यक्ती स्वतःच भ्रमणध्वनीवर बोलत वाहन चालवीत होती व तिच्या दुर्लक्षाचा अपघातात वाटा होता असे सिद्ध झाल्यास, अंशदायी निष्काळजीपणाच्या तत्त्वानुसार तिला किंवा तिच्या वारसांना मिळणारी रक्कम कमी होऊ शकते. कुटुंबातील कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या मुलाबाळांच्या पदरात काय पडते, याच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध पोहोचतो.

आकडेवारीची मर्यादा : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये भारतात ४,१२,४३२ रस्ते अपघात होऊन १,५३,९७२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १,९९७ अपघात व १,०४० मृत्यू वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरल्यामुळे झाल्याची नोंद आहे. हे प्रमाण एकूण मृत्यूंच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. यावरून हे कारण गौण आहे, असे अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. मद्यपानाची चाचणी शरीरावर घेता येते. भ्रमणध्वनीच्या वापराची तशी खूण शरीरावर राहत नाही. मरण पावलेला चालक सांगू शकत नाही, वाचलेला सांगत नाही आणि पंचनाम्यात बहुधा ‘अतिवेग’ हेच कारण लिहिले जाते. परिणामी नोंदलेला आकडा प्रत्यक्षाहून बराच कमी असण्याचा संभव आहे.

मूल्यमापन : या कायद्यांनी हाती धरलेल्या साधनाचा वापर स्पष्टपणे अपराध ठरविला आणि शिक्षा, तडजोड व अनुज्ञप्तीवरील कारवाई अशी तिहेरी व्यवस्था निर्माण केली. हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांमुळे होणारे बौद्धिक विचलन, चालक व मालक यांच्या जबाबदारीचे वाटप, ग्रामीण मार्गांवरील देखरेखीचा अभाव आणि अपघातांच्या कारणांची सदोष नोंद हे प्रश्न मात्र शिल्लक आहेत. यांपैकी काहींची उकल कायद्याबाहेर शोधावी लागते. मालमोटारींचे मालक व माल पाठविणारे अडते चालकास वाटेत वारंवार दूरध्वनी करतात. प्रवासी बसचा चालक थांब्यावरील प्रवाशांचे दूरध्वनी स्वतःच घेतो. घरची माणसे ‘कुठवर आलात’ म्हणून विचारतात. अशा प्रसंगी बोलणे चालकाच्या हाताने होत असले, तरी त्याचा प्रारंभ दुसरीकडे झालेला असतो. पलीकडील व्यक्ती वाहन चालवीत आहे असे कळताच संभाषण तत्काळ थांबविणे आणि तातडीचे काम असल्यास चालकाने वाहन मार्गापासून दूर, सुरक्षित जागी उभे करूनच बोलणे, ही सवय समाजात रुजल्यास कायद्याचा हेतू पुष्कळसा साध्य होईल.